खडकावर बसण्याआधी : बार्नॅकलच्या डिंभाचे स्नायू

ओहोटीच्या वेळी कोकणातल्या एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर गेलो, तर खडकांना पांढुरके, खरखरीत शंकू चिकटलेले दिसतात. टोकाशी तोंड असलेल्या छोट्या ज्वालामुखीसारखा त्यांचा आकार असतो. जेटीचे खांब, नांगराच्या साखळ्या, होड्यांचे तळ यांवरही त्यांची दाटी असते. अनवाणी चालणाऱ्याचे तळपाय ते हमखास कापतात. नखाने ओढले तर निघत नाहीत, पटाशीने खरवडावे लागतात. हे बार्नॅकल.

वर्गात मुलांना विचारून पाहावे : हा प्राणी जन्मभर एका जागी बसून राहतो, मग त्याला स्नायू कशाला लागत असतील? बहुतेक मुले म्हणतील, ‘फारसे लागत नसतील.’ पण खडकावर बसण्यापूर्वी हाच प्राणी समुद्रात आधी वल्ही मारत हिंडतो, मग सहा जोड्या पायांनी झटके देत पोहतो, आणि शेवटी दोन ‘पायांवर’ चालत जागा शोधतो. या तीन कामांसाठी तो तीन वेगळ्या प्रकारे मांडलेले स्नायू वापरतो. आणि जागा ठरली, की त्यातले कित्येक स्नायू विरघळवून टाकतो. स्नायूची रचना त्याच्या कामानुसार कशी ठरते, हे समजून घ्यायला अर्धा मिलिमीटर लांबीचा हा जीव फार चांगला शिक्षक आहे, असे आम्हाला वाटते.

शिंपल्यांच्या पंगतीतून कोळंबीच्या पंगतीत

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बार्नॅकलची गणना शिंपले, गोगलगायी यांच्याबरोबर, म्हणजे मृदुकाय प्राण्यांत होत असे. बाहेरचे चुनखडीचे घर पाहिले तर यात नवल नाही. आयर्लंडच्या किनाऱ्यावर जॉन व्हॉन थॉम्पसन या लष्करी शल्यवैद्याने समुद्रातून गाळून काढलेले सूक्ष्म, पोहणारे जीव काचेच्या भांड्यात ठेवले आणि त्यांचे बार्नॅकल होताना प्रत्यक्ष पाहिले. १८३० साली त्याने हे प्रसिद्ध केले. त्या पोहणाऱ्या जीवांना सांधे असलेले पाय होते. म्हणजे बार्नॅकल हे कोळंबी, खेकडा यांचे भाऊबंद, कवचधारी संधिपाद ठरले. पुढे चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे बार्नॅकलच्या अभ्यासाला दिली. आपल्या किनाऱ्यावर सर्रास आढळणाऱ्या ॲम्फिबॅलॅनस ॲम्फिट्राइट या जातीचे शास्त्रीय वर्णनही डार्विननेच १८५४ साली केले. या जातीच्या डिंभांवर गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही अभ्यास झाला आहे.

डिंभ म्हणजे अंड्यातून बाहेर पडलेली, पण प्रौढ प्राण्याहून वेगळी दिसणारी अवस्था. फुलपाखराची अळी आपल्या ओळखीची आहे. बार्नॅकलला असे दोन प्रकारचे डिंभ असतात : आधी नॉप्लिअस आणि नंतर सायप्रिस.

स्नायू फक्त ओढतो

पुढे जाण्याआधी स्नायूबद्दलच्या दोन गोष्टींची उजळणी करू. पहिली, स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून एखादा अवयव पुढे-मागे हलवायचा तर एक स्नायू या बाजूने आणि दुसरा त्या बाजूने, अशी जोडी लागते. आपल्या दंडात कोपर वाकवणारा स्नायू पुढे असतो आणि सरळ करणारा मागे. संधिपाद प्राण्यांतही असेच, फक्त आपली हाडे आत आणि स्नायू बाहेर, तर त्यांचे कवच बाहेर आणि स्नायू आत. कोळंबी सोलताना कवच काढल्यावर हाती उरते ते मांस म्हणजे जवळजवळ निव्वळ स्नायू.

दुसरी गोष्ट स्नायूच्या आतली. स्नायुतंतूमध्ये ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे बारीक धागे एकमेकांत गुंतवलेल्या बोटांसारखे रचलेले असतात. विहिरीतून पोहरा ओढताना आपण हातावर हात टाकत दोर ओढतो, तशी मायोसिनची असंख्य टोके ॲक्टिनचा धागा ओढतात. धागे आखूड होत नाहीत, ते एकमेकांत सरकतात आणि स्नायू आखडतो. हा सरकत्या धाग्यांचा सिद्धान्त १९५४ साली मांडला गेला. अशा एका खणाला सारकोमिअर म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूवर जे आडवे पट्टे दिसतात, ते या खणांचेच.

खण लांब असेल, तर एका दोरावर जास्त हात पडतात. त्यामुळे जोर वाढतो, पण वेग कमी राहतो. खण आखूड असतील, तर तेवढ्याच लांबीत जास्त खण मावतात, आणि प्रत्येक खण त्याच वेळी थोडा थोडा आखडल्यामुळे सगळा स्नायू चटकन आखडतो. संधिपाद प्राण्यांत आखूड खणांचे चपळ स्नायू आणि लांब खणांचे जोरकस, संथ स्नायू असे दोन्ही प्रकार आढळतात. एकाच विटांनी भिंतही बांधता येते आणि कमानही, तसेच हे आहे.

पहिला अवतार : वल्हवणारा नॉप्लिअस

बार्नॅकलच्या घरातून बाहेर पडणारा नॉप्लिअस ढालीच्या आकाराचा असतो. पुढच्या दोन कोपऱ्यांवर शिंगांसारखी टोके, मध्ये एकच डोळा आणि तीन जोड्या उपांगे. पहिली जोडी साधी, दुसरी आणि तिसरी दुफाटा. उपांगांवर राठ केसांच्या झालरी असतात.

एवढ्या लहान जीवाला पाणी कसे जाणवते, याची कल्पना मुलांना द्यायला हवी. आपण पोहताना हात मारून थांबलो तरी थोडे पुढे सरकत राहतो. नॉप्लिअस वल्हे मारायचा थांबला, की जवळजवळ जागीच थांबतो. आकार जितका लहान, तितका पाण्याचा चिकटपणा जास्त भोवतो. त्याच्या दृष्टीने तो काकवीतच पोहत असतो म्हणा ना. अशा पाण्यात वल्हे जसे मागे नेले तसेच पुढे आणले, तर पुढे जितके गेलो जवळजवळ तितकेच मागे येऊ. नॉप्लिअसची युक्ती अशी, की मागे मारताना केसांची झालर पंख्यासारखी उघडते आणि पुढे आणताना मिटते.

हे वल्हे हलवणाऱ्या स्नायूंचा नकाशा बॅलॅनस इम्प्रोव्हिसस या जातीत फार सुंदर काढला गेला आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फॅलॉइडिन हे द्रव्य वापरले होते. एका विषारी अळंबीतून मिळणारे हे द्रव्य ॲक्टिनच्या धाग्यांना घट्ट चिकटते. त्याला चमकणारा रंग जोडला, की पारदर्शक डिंभातला प्रत्येक स्नायू उजळून निघतो. मग कॉनफोकल सूक्ष्मदर्शकाने थरामागून थर टिपून संगणकावर त्रिमितीय चित्र उभे करता येते.

त्यात काय दिसले? उपांगांना हलवणारे काही स्नायू ढालीच्या पाठीकडून निघतात, तर काही पोटाकडून. ओढण्याच्या दिशा वेगळ्या असल्याने उपांगाला हवे तसे वळवता येते. अन्ननलिकेला सर्व बाजूंनी कड्यांसारखे स्नायू वेढून असतात. ते आळीपाळीने आवळून घास पुढे सरकवतात. तोंडापाशी आणि शरीराच्या मागच्या टोकाशीही ठळक स्नायू असतात. सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी बाब ही, की स्नायूंची ही मांडणी पहिल्याच नॉप्लिअसमध्ये पूर्ण तयार असते. नॉप्लिअस कात टाकत टाकत सहा टप्प्यांतून वाढतो, पण सहाही टप्प्यांत मांडणी जवळजवळ तीच राहते. कारण उघड आहे. काम तेच आहे : पोहणे आणि पोहता पोहता सूक्ष्म वनस्पती गाळून खाणे. काम बदलत नाही, तोवर यंत्रही बदलत नाही.

दुसरा अवतार : चालणारा सायप्रिस

सहाव्या टप्प्यानंतरची कात टाकली, की वेगळाच प्राणी बाहेर येतो. दोन झडपांच्या कवचात मिटलेला, तिळासारखा लांबट. हा सायप्रिस. ॲम्फिट्राइट जातीत तो सुमारे अर्धा मिलिमीटर लांब असतो. आता त्याला दोन संयुक्त नेत्रही फुटलेले असतात. आधीची वल्ही गेली, त्यांच्या जागी वक्षावर पायांच्या सहा जोड्या आल्या.

सायप्रिसचे स्नायू तीन ठिकाणी पाहावेत. पहिले वक्षात. हे पायांना जोराने मागे फेकतात. सायप्रिस झटके देत पुढे जातो, मध्येच थांबतो, पुन्हा झटके देतो. नॉप्लिअसपेक्षा त्याचा वेग खूप जास्त असतो. दुसरा स्नायू दोन झडपांच्या मध्ये आडवा ताणलेला असतो. तो आखडला, की झडपा मिटतात आणि पाय व शृंगिका आत सुरक्षित राहतात.

तिसरे स्नायू पुढच्या दोन शृंगिकांमध्ये असतात. नॉप्लिअसच्या पहिल्या जोडीतूनच या शृंगिका घडलेल्या असतात. प्रत्येक शृंगिका चार खंडांची. तिसऱ्या खंडाच्या टोकाशी बारीक लव असलेली चकती असते आणि चौथ्या, इवल्याशा खंडावर वास व स्पर्श ओळखणारे केस. सायप्रिस एक चकती खडकाला टेकवतो, शरीर त्या बाजूला ओढतो, मग दुसरी टेकवतो. डोक्यापासून शृंगिकेत गेलेले आणि शृंगिकेच्या आतल्या आत एका खंडातून दुसऱ्यात गेलेले असे दोन गटांतले स्नायू यासाठी झटतात. प्रत्येक पावलाला चकतीतून थोडा तात्पुरता चिकट पदार्थ पाझरतो आणि पाऊलखूण मागे राहते. नंतर येणारे सायप्रिस या खुणाही ओळखतात.

एकदाच घ्यायचा निर्णय

आता या साऱ्या धडपडीमागची अडचण पाहा. सायप्रिस काही खात नाही. नॉप्लिअस असताना जे खाल्ले, त्याचे तेलाचे थेंब आणि साठवलेली प्रथिने एवढीच शिदोरी. पोहण्याचा प्रत्येक झटका आणि चालण्याचे प्रत्येक पाऊल या शिदोरीतून खर्च होते. शिवाय पुढच्या रूपांतरणालाही त्यातलेच काही शिल्लक ठेवावे लागते.

घाईने वाईट जागी बसला, तर उन्हाने करपेल, वाळूखाली गाडला जाईल किंवा एकटा पडेल. एकटे पडणे हे मोठे संकट आहे. बहुतेक बार्नॅकल उभयलिंगी असले तरी फलनासाठी शेजारी लागतो, आणि तोही हलता येत नसल्याने अगदी जवळचा. सायप्रिस आपल्या जातभाईंच्या जवळ बसणे पसंत करतात, हे नाइट-जोन्स या शास्त्रज्ञाने १९५३ साली प्रयोगांनी दाखवले. उलट, फार वेळ शोधत राहिला तर शिदोरी संपते. स्नायू किती वापरायचे आणि केव्हा थांबायचे, हाच त्याच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो.

जागा पसंत पडली, की शरीरातल्या दोन ग्रंथींमधून कायमचे ‘सिमेंट’ नळीवाटे चकतीपर्यंत येते. काही जातींमध्ये या वाटेवर स्नायूंचे वेष्टन असलेली पिशवीही सापडली आहे. ती आवळली, की सिमेंट पुढे ढकलले जाते. हे सिमेंट फक्त प्रथिनांचे नसून त्यात स्निग्ध पदार्थही असतात, आणि पाणी बाजूला सारायला त्यांची मदत होते, असे २०१४ साली दाखवले गेले. सिमेंट घट्ट झाले, की परतीची वाट बंद.

जुने मोडून नवे

यानंतर सायप्रिसचे कवच आणि त्याबरोबर संयुक्त नेत्र टाकून दिले जातात. ज्या शृंगिकांनी जागा शोधली, त्यांतले स्नायू आता निरुपयोगी झालेले असतात. ते झिजून विरघळतात. आतले शरीर फिरून पाय वरच्या दिशेला येतात. पोहण्याच्या सहा जोड्यांच्या जागी पिसांसारख्या, वळणाऱ्या सहा जोड्या येतात आणि भोवती चुनखडीच्या भिंती उभ्या राहतात. अशा रीतीने डोक्यावर उभा राहून पायांनी अन्न तोंडात ओढणारा प्राणी तयार होतो.

या पिसांच्या हालचालीत एक गंमत आहे. त्यांना आत गुंडाळण्याचे काम स्नायू करतात, पण बाहेर उलगडण्याचे काम मुख्यतः शरीरातल्या द्रवाचा दाब करतो. ओढायला स्नायू आहे, ढकलायला पाणी आहे. कोळ्याच्या पायांतही हीच तऱ्हा असते. म्हणून मेलेल्या कोळ्याचे पाय आत वळलेले दिसतात. दाब गेला, की उलगडणार कोण?

प्रौढ बार्नॅकलचे काही स्नायू झाकणाच्या पट्ट्या खाली ओढून घट्ट बसवतात. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या बॅलॅनस न्युबिलस या महाकाय जातीत या स्नायूंचा एकेक तंतू दोन-तीन मिलिमीटर जाड असतो. आपल्या स्नायूतला तंतू केसाहून जाड नसतो, हे लक्षात घेतले म्हणजे याचे महत्त्व कळेल. एवढ्या जाड तंतूत सुई घालून काही सोडता येते. १९६७ साली रिजवे आणि ॲशली यांनी अशा तंतूत एका जेलीफिशपासून मिळवलेले, कॅल्शियम भेटताच प्रकाशणारे प्रथिन सोडले. तंतूला विजेची चेतना देताच आधी प्रकाश चमकला आणि पाठोपाठ तंतू आखडला. स्नायूला ‘ओढ’ असा हुकूम आतल्या आत कॅल्शियम पोचवते, हे डोळ्यांना दिसले. आपल्या हृदयाच्या ठोक्यामागेही हाच हुकूम असतो.

जहाजाच्या तळापाशी

सायप्रिसला जहाजाचा तळ आणि खडक यांत फरक वाटत नाही. तळावर बार्नॅकल माजले, की पाण्याचा विरोध वाढतो आणि इंधन जास्त जळते. यावर उपाय म्हणून ट्रायब्यूटिल टिन हे विषारी संयुग रंगात मिसळत असत. पण त्याने समुद्रातल्या गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले. अखेर २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ साली ही बंदी अमलात आली.

मग संशोधकांनी वेगळा प्रश्न विचारला : सायप्रिसला न मारता नुसते बसू दिले नाही तर? स्वीडनमधील संशोधकांनी २००० साली दाखवले, की जनावरांना गुंगी आणण्यासाठी वापरले जाणारे मेडिटोमिडीन हे औषध अत्यल्प प्रमाणातही सायप्रिसला बसण्यापासून रोखते. संधिपाद प्राण्यांत ऑक्टोपामिन नावाचा निरोप्या असतो, साधारण आपल्या ॲड्रिनॅलिनच्या जोडीचा. मेडिटोमिडीन त्याच्याच कुलपात किल्लीसारखे बसते. परिणाम असा, की कुत्र्याला झोप आणणारे औषध सायप्रिसच्या पायांना मात्र झपाझप झटके द्यायला लावते. पाय पोहण्याच्या तालात अडकले, की शृंगिकांवर शांतपणे चालणे जमत नाही आणि डिंभ पृष्ठभागापासून दूर जातो. स्वच्छ पाण्यात ठेवला, की तो पुन्हा पूर्ववत होतो. स्नायूंची मांडणी आणि त्यांना हुकूम देणारी व्यवस्था समजली, तर विष ओतण्याऐवजी नेमका कुठे हात घालायचा, हे कळते.

वर्गात काय करता येईल?

समुद्रापासून दूरच्या शाळांनाही नॉप्लिअस पाहता येतो. तळ्यातल्या किंवा डबक्यातल्या पाण्यात सायक्लॉप्स हा बार्नॅकलचा दूरचा भाऊबंद असतो आणि त्याचाही पहिला डिंभ नॉप्लिअसच. तलम कापडातून भरपूर पाणी गाळावे, कापडावरचे उरलेले थोड्या पाण्यात धुऊन घ्यावे. काचपट्टीवरच्या थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाकले, की जीव फार पळत नाहीत. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून एक डोळा आणि तीन जोड्या उपांगे मोजता येतील. वल्हे थांबताच जीव जागीच थांबतो का, हेही पाहावे.

किनाऱ्याजवळच्या शाळांनी बार्नॅकल असलेला छोटा दगड समुद्राच्या पाण्यात काही वेळ शांत ठेवावा. पिसे बाहेर येतील. वर हात फिरवून सावली पाडली, तर बहुधा झाकण मिटेल. पाहून झाल्यावर दगड होता तिथेच ठेवावा.

आणि दाबाचे कोडे समजावायला पुठ्ठ्याचे दोन तुकडे पुरतात. एका कडेने ते कापडी पट्टीने बिजागरीसारखे जोडावेत, मध्ये लांबट फुगा ठेवावा आणि मोकळ्या कडांना दोरा बांधावा. दोरा ओढला की पुठ्ठा मिटतो, फुगा फुगवला की उघडतो. दोरा म्हणजे स्नायू, फुगा म्हणजे द्रवाचा दाब. मग मुलांना विचारावे : फुगा काढून टाकला, तर पुठ्ठा पुन्हा उघडायला दुसरा दोरा कुठे बांधाल? मुलांनी तो दोरा बिजागरीच्या पलीकडच्या बाजूला बांधला, की आपल्या कोपराची रचना त्यांनी स्वतःच शोधून काढली असे समजावे.